युरोपची भटकंती : देश किती, दिवस किती आणि खर्च किती?

पुण्यातील तरुणांच्या पाठीवर सॅक चढते ती प्रथम सिंहगडाच्या, राजगडाच्या वाटेवर. त्या भटकंतीचा हिशेब अगदी सोपा असतो. एसटीचे किंवा पेट्रोलचे पैसे, गडावर वा गडाखालच्या गावात पिठले-भाकरी, आणि परतल्यावर ‘टीटीएमएम’, म्हणजे तुझे तू, माझे मी. हीच सॅक घेऊन तीन आठवडे युरोपात हिंडायचे ठरले, की मात्र हिशेबाची वही कोठून उघडावी हेच उमगत नाही.

याचे एक कारण आपल्या परदेशप्रवासाच्या इतिहासात आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ने १९६० मध्ये मराठी वाचकाला युरोप दाखवला, पण त्या काळी आणि त्यानंतरही बराच काळ परकीय चलनच इतके दुर्मीळ होते, की हातात मोजके डॉलर घेऊन निघणाऱ्यांच्या कहाण्या घरोघरी सांगितल्या जात. पाठीवर पिशवी टाकून खंडच्या खंड पालथे घालणारा प्रवासी पुणेकरांनी पाहिला तो उलट्या दिशेने आलेला. १९७४ मध्ये कोरेगाव पार्कात रजनीशांचा आश्रम सुरू झाल्यावर पै-पै मोजून राहणारे युरोपीय तरुण शहरात दिसू लागले. पुढे रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये उदारीकृत परकीय चलन योजना आणली. तेव्हा वर्षाकाठी २५ हजार डॉलर नेता येत. २०१५ पासून ही मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. चलनाची अडचण अशी मिटली, तोवर मध्यमवर्गीय मराठी माणसाला सहल कंपन्यांची सवय जडली होती. त्या सहलीत पोह्यांपासून परतीच्या विमानापर्यंत सारे काही एकाच आकड्यात बसते. तो आकडा कसा तयार होतो हे प्रवाशाला कळण्याची गरज नसते. स्वतंत्रपणे निघणाऱ्याला मात्र तो आकडा स्वतःच बांधावा लागतो.

बहुतेक जण सुरुवात करतात ती ‘युरोपात रोज किती खर्च येतो?’ या प्रश्नापासून. प्रश्न चुकीचा नाही, पण पहिला नव्हे. पुण्याहून निघणाऱ्याच्या खर्चाचा मोठा भाग तो युरोपात पाऊल ठेवण्यापूर्वीच संपलेला असतो, आणि तो भाग दिवसांवर अवलंबून नसतो. उरलेला भाग दिवसांवर अवलंबून असतो खरा, पण त्याहून अधिक तो कोणत्या देशात किती दिवस, आणि एकूण किती ठिकाणे बदलली, यावर ठरतो.

न हलणारा खर्च

उदाहरणादाखल एक प्रवास घेऊ. पुण्यातील दोन मित्र, वय पंचविशीच्या पुढचे, ऑक्टोबरमध्ये २१ दिवसांसाठी निघाले आहेत. जर्मनीत सात रात्री, चेक प्रजासत्ताकात पाच, ऑस्ट्रियात चार आणि हंगेरीत चार, अशा वीस रात्री. म्युनिकला उतरायचे, बुडापेस्टहून परतायचे. जाताना एका आणि येताना दुसऱ्या शहरातून असे तिकीट काढल्याने उलटा प्रवास करून पहिल्या शहरी येण्याचे पैसे आणि एक पूर्ण दिवस वाचतो.

युरोचा भाव हिशेबापुरता ११० रुपये धरू. युरोच्या नोटा-नाणी २००२ मध्ये चलनात आली, तेव्हा एका युरोला सुमारे ४३ रुपये पडत. २०२५ च्या मध्यानंतर त्याने शंभरी ओलांडली. अंदाजपत्रक करताना भाव नेहमी प्रत्यक्षापेक्षा थोडा चढाच धरावा. सहा महिन्यांत रुपया वधारला तर ते पैसे खिशात राहतील, घसरला तर तारांबळ उडणार नाही.

पुण्याहून युरोपला थेट विमान नाही. लोहगावहून फ्रँकफर्टला काही वर्षे थेट सेवा होती, ती आता इतिहासजमा झाली. त्यामुळे मुंबई गाठणे आले. विमानाचे जाण्या-येण्याचे तिकीट हंगाम आणि आरक्षणाची वेळ यांनुसार ५५ ते ७० हजारांत मिळू शकते. मधला ६२ हजारांचा आकडा घेऊ. शेंगेन व्हिसाचे शुल्क ११ जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आहे, म्हणजे आपल्या भावाने ९,९०० रुपये. अर्ज-केंद्राचे सेवाशुल्क, छायाचित्रे, कागदपत्रांच्या प्रती, कुरिअर हे धरून तेरा हजार. विम्याचे दोन हजार. मुंबई विमानतळापर्यंत दोन्ही वेळचा वाटणीतला टॅक्सीखर्च तीन हजार. एकूण झाले ८० हजार.

हे ८० हजार दहा दिवसांच्या प्रवासावर पसरले, तर दिवसाला आठ हजार पडतात. एकवीस दिवसांवर पसरले, तर ३,८०० च्या आसपास. नोकरदाराला दहा दिवसांची रजा मिळते म्हणून तो दहा दिवसांचा बेत आखतो आणि ‘थोडक्यात भागवले’ असे समजतो. प्रत्यक्षात दिवसागणिक सर्वांत महाग युरोप तोच पाहतो.

जमिनीवरचा खर्च

आता युरोपातला खर्च. हॉस्टेलमधील सामायिक खोलीतला एक पलंग हा या प्रवासाचा कणा. ही कल्पना जर्मनीतलीच. रिशार्ड शिरमान या शाळामास्तरांनी आल्टेना येथील किल्ल्यात पहिले कायमस्वरूपी युवा वसतिगृह उभे केले, ते विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. भारतातील युथ हॉस्टेल्स असोसिएशन १९४९ पासून कार्यरत आहे, आणि हिमालयातील शिबिरांमुळे पुण्याच्या ट्रेकर मंडळींना तिची ओळख आहे. तिचे आंतरराष्ट्रीय सदस्यत्व घेतल्यास त्या साखळीतील वसतिगृहांत सवलत मिळू शकते. खासगी हॉस्टेले त्याहून पुष्कळ अधिक आहेत आणि त्यांचे दर विमानतिकिटांसारखे रोज बदलतात.

ढोबळ मानाने म्युनिकमध्ये एका पलंगाला ३८ युरो, व्हिएन्नात ३५, प्रागमध्ये २२ आणि बुडापेस्टमध्ये २० धरल्यास वीस रात्रींचे ५९६ युरो होतात. खाण्यापिण्याला दिवसाला २० प्रमाणे ४२०. शहराशहरांमधला प्रवास आधी आरक्षण करून ११०. शहरांतर्गत बस-मेट्रोला १००. संग्रहालये, राजवाडे, मनोरे यांच्या प्रवेशाला १५०. कपडे धुणे, सिमकार्ड, लॉकर आणि सार्वजनिक स्वच्छतागृह अशा किरकोळीला ८०. शेवटच्या बाबीला हसू नये. जर्मनीतील महामार्गांवर आणि मोठ्या स्थानकांवर स्वच्छतागृहाचा दर एका युरोच्या आसपास असतो, आणि दिवसातून तीनदा गेले तर तो खर्च कॉफीइतका होतो.

बेरीज १,४५६ युरो, म्हणजे एक लाख ६० हजार रुपये. त्यात आधीचे ८० हजार मिळवले, की प्रत्येकी दोन लाख ४० हजार. हेच मित्र त्याच राहणीने दहा दिवसांत परतले असते, तर सुमारे एक लाख ५६ हजार लागले असते. म्हणजे पुढचे अकरा दिवस त्यांना ८४ हजारांत पडले. रजा शिल्लक असेल, तर ती येथे खर्चावी. नसेल, तर प्रवास वर्षभर पुढे ढकलून रजा साठवणे हादेखील अंदाजपत्रकाचाच भाग मानावा.

ऑक्टोबर निवडण्यामागेही हिशेब आहे. शाळांच्या सुट्टीमुळे आपल्याकडून मे महिन्यात गर्दी असते, तर युरोपीय लोक स्वतः जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर पडतात. गणपती विसर्जनानंतर निघणाऱ्या पुणेकराला दोन्ही गर्दी टळतात. फक्त म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन ऑक्टोबरच्या प्रारंभी संपतो हे ध्यानात ठेवावे. नाव ऑक्टोबरचे, उत्सव बहुतांशी सप्टेंबरचा. त्या पंधरवड्यात तेथील साध्या पलंगाचा दर कित्येक पटींनी चढतो आणि वरील सारी बेरीज कोलमडते.

देश मोजावेत की दिवस?

वरच्या बेतात चारच देश आहेत, हे पाहून अनेकांची निराशा होईल. ‘तीन आठवड्यांत नऊ देश’ असे सांगण्यात एक रुबाब असतो. सहल कंपनीच्या बसला ते परवडते, कारण चाळीस प्रवाशांत डिझेल विभागले जाते. एकट्या-दुकट्याला प्रत्येक स्थलांतराची स्वतंत्र किंमत मोजावी लागते. नवे तिकीट, नव्या शहराचा बसपास, पलंग दुपारी मिळणार म्हणून सकाळी सॅक ठेवायला लॉकर, स्वयंपाकाचे सामान नसल्याने पहिले जेवण बाहेर, आणि चलन बदलले तर त्यातली घट. शिवाय अर्धा दिवस प्रवासात जातो, ज्याचे राहण्या-खाण्याचे पैसे मात्र द्यावेच लागतात. पश्चिम आणि मध्य युरोपात हा ‘सरहद्दीचा कर’ दर खेपेस सहज चाळीस-पन्नास युरोंच्या घरात जातो. तीन देश कमी केले, तर प्रागमध्ये जवळपास आठवडाभर झोपण्याची सोय होते.

देशांची निवड हा त्याहून मोठा निर्णय. स्वित्झर्लंड हिंदी चित्रपटांमुळे प्रत्येकाच्या यादीत असतो. पण हंगेरीच्या चार रात्रींऐवजी तेथे चार रात्री घ्यायच्या ठरवल्या, तर पलंगाचे दर दुपटीहून अधिक होतात, जेवणाचेही तेच. युंगफ्राऊयोखला जाणाऱ्या डोंगरी रेल्वेचे इंटरलाकेनहून पूर्ण दराचे तिकीट दोनशे फ्रँकांहून अधिक आहे. एका तिकिटाच्या किमतीत बुडापेस्टच्या दहा रात्री! हिमशिखर पाहायचेच असेल, तर ऑस्ट्रियाच्या किंवा बव्हेरियाच्या बाजूने आल्प्स स्वस्तात दिसतात. ज्याचे स्वप्नच युंगफ्राऊ आहे, त्याने मात्र खुशाल जावे आणि दुसरे काहीतरी वगळावे. काटकसरीचा अर्थ आवडीची गोष्ट सोडणे असा घेतला, तर इतक्या दूर जाण्यात हशील नाही.

पॅरिस, ॲमस्टरडॅम, व्हेनिस या शहरांनी अलीकडे पर्यटकांच्या खिशाकडे अधिक लक्ष दिले आहे, हेही जमेस धरावे. ॲमस्टरडॅममध्ये मुक्कामाच्या दरावर २०२४ पासून साडेबारा टक्के पर्यटनकर आहे. व्हेनिसने त्याच वर्षी एका दिवसापुरते येणाऱ्यांकडून गर्दीच्या ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क घेण्यास आरंभ केला. लूव्र संग्रहालयाने १४ जानेवारी २०२६ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरील प्रौढ पाहुण्यांसाठी तिकीट २२ वरून ३२ युरोंवर नेले. भारतीय प्रवासी त्यातच मोडतात. उलट म्युनिकच्या पिनाकोथेक कलादालनांत रविवारी एका युरोत प्रवेश मिळतो, डाखाऊ येथील छळछावणीचे स्मारक विनामूल्य पाहता येते, आणि इटलीतील सरकारी संग्रहालये महिन्याच्या पहिल्या रविवारी खुली असतात. व्हिएन्नाच्या ऑपेरात उभे राहून ऐकण्याची तिकिटे अगदी माफक दरात असतात. सवाई गंधर्व महोत्सवात भारतीय बैठकीवर रात्री जागवलेल्या पिढीला दोन-तीन तास उभे राहणे जड जाऊ नये.

दूतावासाला दिसणारा पैसा

खिशातला खर्च आणि व्हिसाच्या अर्जात दाखवावा लागणारा पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेंगेन क्षेत्रातील प्रत्येक देश ‘निर्वाहाचे साधन’ किती असावे याचे आपापले मापदंड लावतो. फ्रान्सचे उदाहरण बोलके आहे. हॉटेलचे आरक्षण असेल तर दिवसाला ६५ युरो, नसेल तर १२०, आणि तेथील यजमानाचे अधिकृत पत्र असेल तर साडेबत्तीस. म्हणजे आरक्षणाचा एक कागद नसला, तर एकवीस दिवसांसाठी दाखवायची रक्कम हजाराहून अधिक युरोंनी वाढते. ‘तेथे जाऊन बघू’ ही ट्रेकची वृत्ती येथे उपयोगाची नाही. विनामूल्य रद्द करता येणारी आरक्षणे करून अर्ज भरावा, आणि फेरबदल हवाच असेल तर तो नंतर, मुदतीत करावा.

खात्यातील शिल्लक किती याइतकेच ती कशी आली हेही पाहिले जाते. अर्जाच्या आठ दिवस आधी काकांनी दोन लाख रुपये खात्यात टाकले, तर ते कागदावर उठून दिसते. दरमहा जमा होणारा पगार, आयकर विवरणपत्र, कंपनीचे रजेचे पत्र यांचे वजन अशा अचानक आलेल्या रकमेपेक्षा जास्त. वडील खर्च करणार असतील, तर ते लपवण्याऐवजी त्यांचे पत्र आणि त्यांच्या खात्याचा तपशील जोडावा.

अर्ज कोणत्या देशाकडे, याचाही नियम आहे. जेथे मुक्काम सर्वांत अधिक, त्या देशाकडे. मुक्काम समान असेल, तर ज्या देशात प्रथम प्रवेश होईल त्याच्याकडे. वरील बेतात जर्मनीच्या सात रात्री असल्याने संदिग्धता उरत नाही. ‘अमुक देशाचा व्हिसा लवकर मिळतो’ म्हणून तेथे अर्ज करून भलतीकडेच दिवस घालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो पाळू नये. पुण्यातही व्हिसा अर्ज-केंद्र आहे, मात्र प्रत्येक देशाचा अर्ज तेथे घेतला जाईलच असे नाही. मुंबईची खेप पडणार असेल, तर तिचाही खर्च मांडावा.

भारतातून २०२४ मध्ये शेंगेन व्हिसासाठी अकरा लाखांहून अधिक अर्ज झाले आणि त्यांपैकी सुमारे १५ टक्के नाकारले गेले. नकार मिळाल्यास शुल्क परत मिळत नाही. विमानाचे तिकीट ‘ना-परतावा’ प्रकारचे असेल, तर तेही बुडते, आणि खरी झळ तेथेच बसते. तिकीट लवकर काढावे तर ते स्वस्त, पण व्हिसा हाती नाही. व्हिसा येईपर्यंत थांबावे तर तिकीट महाग. या पेचातून बाहेर पडण्याचा सरळ मार्ग म्हणजे अर्जच लवकर करणे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो करता येतो. निर्णय सर्वसाधारणपणे पंधरा दिवसांत अपेक्षित असतो, पण ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. ऑक्टोबरच्या प्रवासासाठी मे-जूनमध्ये अर्ज केला, तर जुलैअखेर तिकीट काढता येते. प्रथमच जाणाऱ्यांना या नियमांचा काच वाटेल, पण तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते नियमानुसार वापरलेल्या भारतीयांना दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा देण्याची तरतूद एप्रिल २०२४ मध्ये झाली आहे. तिसऱ्या भटकंतीचे शुल्क मग दोन वर्षांत विभागले जाते.

वैद्यकीय विमा किमान ३० हजार युरो संरक्षणाचा असणे बंधनकारक आहे. विम्यात शंभर-दोनशे रुपये वाचवण्याऐवजी सामान व पारपत्र हरवणे आणि प्रवास रद्द होणे यांना संरक्षण आहे की नाही ते बारीक अक्षरांत वाचून घ्यावे. व्हिसा नाकारल्यास काय, हेही तेथेच कळते.

रुळांवरचे आणि रस्त्यांवरचे

युरेल पास हा शब्द युरोपशी इतका जोडला गेला आहे, की तो घेतलाच पाहिजे असा समज आहे. १९५९ पासून चालत आलेला हा पास आज ३३ देशांत चालतो. ज्याला दर दोन दिवसांनी लांबची गाडी पकडायची आहे, ऐनवेळी बेत बदलायचा आहे, त्याच्यासाठी तो उत्तम. पण चार दिवसांच्या प्रवासाचा प्रौढ पासही अडीचशे युरोंच्या वर आहे, आणि फ्रान्स, इटली, स्पेनमधील वेगवान गाड्यांना पासधारकांनाही आसनाचे वेगळे पैसे मोजावे लागतात. वरील बेतात मोठे प्रवास तीन-चारच आहेत. दोन महिने आधी आरक्षण केल्यास ते बस आणि रेल्वे मिळून ११० युरोंत बसतात. पास घ्यायचाच असेल, तर २७ वर्षांपर्यंतच्या प्रवाशांना २५ टक्के सवलत आहे हे विसरू नये.

जर्मनीतील प्रादेशिक गाड्या, बस आणि मेट्रो यांसाठीचे ‘डॉइचलांड तिकीट’ जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरोंना झाले आहे. २०२३ मध्ये ते सुरू झाले, तेव्हा ४९ होते. ते मासिक वर्गणीच्या स्वरूपात असल्याने मुदतीत रद्द करण्याची आठवण ठेवावी लागते. आठवडाभरच राहणाऱ्या दोघा-तिघांना ‘बायर्न तिकीट’ अनेकदा सोयीचे पडते. बव्हेरियात दिवसभर चालणाऱ्या या तिकिटात पाचपर्यंत माणसे सामावतात आणि प्रत्येक वाढीव माणसाचा दर कमी असतो. कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतर लागू होते. टीटीएमएमला याहून सुंदर उदाहरण सापडणे कठीण.

स्वस्त विमानांच्या जाहिराती पाहून मोहात पडण्यापूर्वी विमानतळ कोठे आहे ते पाहावे. पॅरिसच्या नावाने विकले जाणारे बोव्हे विमानतळ शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. फ्रँकफर्ट-हान हे तर फ्रँकफर्टपासून शंभर किलोमीटरहून दूर. म्हणजे पुण्याला जायचे म्हणून एखाद्याला साताऱ्याला उतरवावे तसे झाले. वीस युरोंच्या तिकिटावर बसचे भाडे आणि सॅकचे वेगळे शुल्क चढले, की रेल्वेच बरी होती असे वाटू लागते. रात्रीच्या बसने मुक्कामाचे पैसे वाचतात खरे, पण दुसरा दिवस पेंगण्यात जातो. तीन आठवड्यांत एखादी रात्र ठीक, त्याहून अधिक नको.

शहरातील तिकीट यंत्रात छापून घेणे ज्या शहरांत बंधनकारक आहे, तेथे विसरल्यास तिकीट असूनही दंड होतो. व्हिएन्नात विनातिकीट सापडल्यास शंभर युरोंच्या वर दंड आहे. एका चुकीत तीन रात्रींचे पलंग गेले.

पोटाचा हिशेब

दिवसाला वीस युरो खाण्यावर, हे शक्य आहे काय? हॉस्टेलला स्वयंपाकघर असेल तर सहज. पलंग निवडताना दोन युरो जास्त पडले तरी स्वयंपाकघर असलेलेच हॉस्टेल घ्यावे. तांदूळ, मसूर, बटाटे, टोमॅटो, अंडी, दही युरोपातील साध्या दुकानांत वाजवी दरांत मिळते. पुण्याहून फक्त मसाला, मेतकूट, चटण्या आणि थोडे भाजके पोहे न्यावेत. सकाळी हॉस्टेलवर नाश्ता, दुपारी बेकरीतला पाव किंवा फलाफल, रात्री खिचडी, आणि दर तीन-चार दिवसांनी एकदा तेथील खानावळीत मनसोक्त जेवण. प्रागला जाऊन रोज मुगाची खिचडीच खाल्ली, असे व्हायला नको.

सोबत काय न्यावे यालाही कायदा आहे. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे. तेव्हा साजूक तुपाची बरणी आणि खव्याचे पदार्थ घरीच ठेवावेत. ताज्या फळा-भाज्यांनाही रोगमुक्तीचे प्रमाणपत्र लागते. अननस, केळी, नारळ, खजूर अशी मोजकी फळे त्याला अपवाद आहेत. हापूस त्या यादीत नाही. फळमाशीच्या कारणाने २०१४ मध्ये संघाने भारतीय आंब्यांच्या आयातीवरच काही महिने बंदी घातली होती. मावशीसाठी म्हणून नेलेली पेटी विमानतळावर जप्त झाली, तर अश्रू आवरणे कठीण जाईल.

जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. शनिवारी सायंकाळी सामान न भरणारा माणूस रविवारी स्थानकावरच्या महागड्या दुकानात सापडतो. पाणी विकत घेण्याची तर गरजच नाही; नळाचे पाणी या चारही देशांत पिण्यायोग्य आहे. प्लास्टिकची बाटली घेतलीच, तर जर्मनीत तिच्यावर २५ सेंटची अनामत असते आणि बाटली यंत्रात परत केल्यावर ती मिळते. ऑस्ट्रियातही २०२५ पासून ही पद्धत आहे.

चार देश, तीन चलने

युरो, चेक कोरुना आणि हंगेरियन फोरिंट. रोख रकमेत तीन हजार डॉलरपर्यंतचे परकीय चलन एका प्रवासास नेता येते, पण इतके नेण्याचे कारण नाही. तीनशे युरो रोख, उरलेले फॉरेक्स कार्डावर, आणि वेगळ्या कप्प्यात दुसरे कार्ड, ही विभागणी पुरते. साध्या बँक कार्डावर परकीय चलनाच्या व्यवहारास दोन ते साडेतीन टक्के अधिभार आणि त्यावर जीएसटी लागतो. दीड लाखाच्या खर्चावर ती रक्कम चार-पाच हजार होते, म्हणून अधिभार नसलेले कार्ड आधीच मिळवावे.

दुकानात किंवा एटीएमवर ‘रुपयांत पैसे द्यायचे की स्थानिक चलनात?’ असे यंत्र विचारते. रुपयाचे चिन्ह पाहून आपुलकी वाटते, पण तेथला दर प्रवाशाच्या तोट्याचा असतो. उत्तर नेहमी स्थानिक चलन हेच द्यावे. प्रागमध्ये चलन बदलताना फसगत झाली असे वाटल्यास, हजार युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करण्याचा हक्क चेक कायद्याने एप्रिल २०१९ पासून दिला आहे. पावती जपून ठेवली तरच तो वापरता येतो. सिमकार्ड मात्र एकच पुरते. युरोपीय संघात जून २०१७ पासून एका देशाचे सिम दुसऱ्या देशात जादा आकाराविना चालते. स्वित्झर्लंड त्यात आपोआप येत नाही.

कराचाही एक मुद्दा आहे. सहल कंपनीचे परदेशी पॅकेज घेतले, की त्यावर पहिल्या रुपयापासून टीसीएस कापला जातो. स्वतः आखलेल्या प्रवासासाठी उदारीकृत योजनेखाली वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंत पाठवलेल्या रकमेवर तो लागत नाही. कापलेली रक्कम विवरणपत्रात वळती करून घेता येते, पण तोवर ती अडकून पडते.

राखीव रक्कम

दोन लाख ४० हजारांवर आणखी २५ हजार वेगळे काढावेत आणि ते मूळ अंदाजात मिसळू नयेत. आजारपणात विमा कंपनीचे पैसे येईपर्यंत दवाखान्यात आधी भरावे लागतात. गाडी चुकते. पारपत्र हरवते, मग दूतावास असलेल्या शहरी जाऊन दोन-तीन दिवस थांबावे लागते. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ मध्ये सायकलवरून केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेत स्पेनमध्ये तिला चाकूच्या धाकाने लुटण्यात आले होते. तरीही तिने २९ हजार किलोमीटरचा तो प्रवास पूर्ण केला. सामान्य प्रवाशाला चाकू दिसण्याची शक्यता कमी, मेट्रोत पाकीट जाण्याची बरीच जास्त. राखीव रक्कम म्हणूनच एका कार्डावर, एका खिशात नसावी, आणि घरच्या कोणाला तरी तिची माहिती असावी.

साधारण दोन लाख ६५ हजार रुपयांचे हे गणित एका तरुण नोकरदारासाठी लहान नाही. महिन्याला अकरा हजार बाजूला टाकले, तर दोन वर्षे लागतात. वैयक्तिक कर्ज काढून तो काळ वाचवण्याचा पर्याय बँका आता मोठ्या आग्रहाने देतात. परतल्यानंतरही वर्ष-दोन वर्षे त्याचे हप्ते चालू राहतात आणि पुढची भटकंती त्यांतच अडकते. त्यापेक्षा भिशी किंवा आवर्ती ठेव संथ असली तरी बरी.

शेवटच्या दिवसाचा हिशेब बहुतेकांच्या वहीत नसतो. फोरिंटची नाणी भारतात कोणी बदलून देत नाही, त्यामुळे बुडापेस्टमध्ये ती संपवून निघावे. फक्त विमानतळावर नेणाऱ्या ‘१००ई’ बसला शहराचा साधा पास चालत नाही, वेगळे तिकीट काढावे लागते. तेवढे पैसे बाजूला ठेवून मग बाजारपेठेत पेपरिकाच्या पुड्या घ्याव्यात.